रविवारचं बेसिल

हेमलताबाई कदम यांनी चौतीस वर्षं केंद्र सरकारचे कागद दिल्लीबाहेर पाठवले आणि त्यांतल्या एकाही कागदात काय लिहिलंय ते वाचलं नाही. एका मंत्रालयाच्या डिस्पॅच सेक्शनमध्ये त्या होत्या. पत्र आलं की नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, पाकीट बंद करायचं आणि पाठवून द्यायचं. पत्र कशासाठी पाठवलं ते वरच्या साहेबांनी जाणावं. ही सवय अंगात इतकी मुरली की घरीही त्या निर्णय कळवत, कारण कळवत नसत. "उद्या भाजी नाही, पिठलं आहे," एवढं बोलून मोकळ्या होत. भाजी का नाही, असं त्यांच्या नवऱ्याने, अण्णासाहेबांनी, उभ्या संसारात विचारलं नाही. तेही सरकारी कारकूनच होते, त्यांना त्यात वावगं काही दिसलं नसावं.

अण्णासाहेब जाऊन आता सात वर्षं झाली. पाठोपाठ बाई निवृत्त झाल्या, सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडावं लागलं आणि त्या द्वारकेला मुलाकडे, यतीनकडे, राहायला आल्या. पाचवा मजला, दोन खोल्या, एक हॉल आणि पूर्वेला बाल्कनी. यतीनचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. सून रुचिरा हीसुद्धा दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी, आर. के. पुरमची. ती मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघते. सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी साडेसातला धुळीने माखून परत यायचं, असे आठवड्याचे सहा दिवस. रविवार तेवढा तिचा.

रुचिरा वाईट सून होती असं कोणाला वाटायला लागलं असेल तर त्यांनी ते मनातून काढून टाकावं. वाईट असती तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर ही गोष्ट दोन रविवारांत मिटली असती. रुचिरा अतिशय सभ्य होती. हेमलताबाईही सभ्य होत्या. दोन सभ्य बायका एका स्वयंपाकघरात असल्या की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सहा वर्षांत दोघींचा आवाज एकदाही चढला नव्हता. आमटी खारट झाली तरी रुचिरा म्हणे, "छान झालीय, आई." हेमलताबाईंनी आणलेला कुर्ता दोन नंबरांनी मोठा असला तरी "छान आहे, आई." मग तो कुर्ता कपाटात जाई आणि पुन्हा दिसत नसे. त्याबद्दल विचारणं हेमलताबाईंच्या स्वभावात नव्हतं.

त्यांना हवी होती ती गोष्ट तशी फार छोटी होती. या मुलीने एकदा तरी आपल्यापाशी काहीतरी मागावं. चिमूटभर हिंग का असेना. पण रुचिरा मागत नसे. तिला जे लागे ते ती फोनवरून मागवी आणि दहा मिनिटांत ते दारात येई. डोकं दुखलं तर बाम मागवी. बामची बाटली हेमलताबाईंच्या उशाशी असे.

तिकडे पुण्यात हेमलताबाईंची धाकटी बहीण हेमांगी त्यांच्या मागे लागली होती. तिच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने मिळणार होतं. "ताई, ये इकडे. सकाळी फिरायला मी आहे, संध्याकाळी भजनी मंडळ आहे, दुकानदार मराठीत बोलतो, आणखी काय पाहिजे?" असं ती दर आठवड्याला सांगे. मालकाला जूनअखेर उत्तर हवं होतं. हेमलताबाई "बघते" म्हणत. मनात त्यांचं जवळजवळ ठरलं होतं. इथे आपण आहोत म्हणून कोणाला त्रास नाही आणि नसलो म्हणून कोणाचं काही अडणार नाही, असं त्यांना वाटे. हे यतीनला त्या बोलल्या नव्हत्या. ठरलं की कळवायचं, अशीच त्यांची रीत.

बेसिल घरात आलं ते पास्त्यामुळे. रविवारी दुपारी स्वयंपाकघर रुचिराकडे असे, आणि तिला मनापासून आवडीचा असा एकच पदार्थ येई. त्यावर घालायला ती बेसिलचा डबा मागवी. प्लास्टिकचा एवढासा डबा, त्यात दहा-बारा पानं, त्यातली तीन काळी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी हेमलताबाईंनी त्यातलं एक पान बोटांत चुरडून नाकाशी नेलं. सब्जाच्या झाडाचा वास. कराडला त्यांच्या माहेरी विहिरीच्या कडेला सब्जा आपोआप उगवत असे, त्याला कोणी पाणीही घालत नसे. हे आपण कुंडीत लावू, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. कोणाला बोलल्या मात्र नाहीत.

पहिल्यांदा त्यांनी फळीवरच्या डब्यातला सब्जाच पेरला. फालुद्यासाठी भिजवतात तसा आधी रात्रभर भिजवला, त्याचा झाला चिकट गोळा, आणि तो गोळा मातीवर पसरला. त्याला बुरशी आली. दुसऱ्यांदा कोरडा पेरला तर उगवला झकास, पण पान झालं बारीक आणि वास बडीशेपेच्या अंगाने जाणारा. रुचिराच्या डब्यातलं पान फुगीर, रुंद आणि गुळगुळीत असे. मग बाई मेट्रोने करोल बागेला गेल्या, पुसा रोडच्या एका बियाण्यांच्या दुकानातून पाकीट घेतलं आणि दुकानदाराला हिंदीत इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी बसायला स्टूल दिलं.

दह्याच्या रिकाम्या डब्यांना तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली. नारळाचा भुसा आणि गांडूळखत सारखं घेऊन चाळणीने चाळलं. बी पेरलं ते नुसतं वर भुरभुरून, त्यावर चिमटीने माती टाकून. खोल पुरलं की उगवत नाही, हे स्टूलवर बसून कळलं होतं. रोज सकाळी इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारायच्या फवाऱ्याने पाणी. सहाव्या दिवशी मातीत हिरवे ठिपके दिसले, आणि दोन दिवसांत ठिपक्यांना दोन-दोन गोल पानं फुटली. गर्दी झाली तिथली कमजोर रोपं त्यांनी कात्रीने बुडातून कापली. उपटली नाहीत, उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात. एप्रिल लागताना सात रोपं कुंड्यांत गेली. सहा साध्या कुंड्या होत्या. सातवं, सगळ्यांत जोमदार रोप त्यांनी तुळशीच्या लाल कुंडीत लावलं. जानेवारीच्या थंडीत तुळस जळून गेली होती आणि कुंडी रिकामी पडली होती, एवढंच त्यामागचं कारण.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी रुचिरा चहाचा कप घेऊन बाल्कनीत आली. "आई! बेसिल? तुम्ही लावलं?" असं म्हणून तिने लाल कुंडीतल्या रोपाकडे हात नेला.

"आज नको," हेमलताबाई म्हणाल्या.

रोपाला पानांच्या जेमतेम दोन जोड्या होत्या. तिसरी जोडी आली की वरचा शेंडा खुडायचा, म्हणजे खालच्या पानांच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात, त्यांचे शेंडे खुडले की चार. आधीच पान तोडलं तर रोप जागीच बसतं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं आणि यातलं काहीही त्या बोलल्या नाहीत. निर्णय कळवून झाला होता.

रुचिराने चटका बसावा तसा हात मागे घेतला. "हो हो, सॉरी आई, विसरलेच," असं म्हणून ती आत गेली. कसली गुणी मुलगी, असं हेमलताबाईंना वाटलं. रोप लहान आहे हे तिच्याही लक्षात आलं तर.

दहा दिवसांनी शेंडे खुडले. मे महिन्यात रोपं अशी फोफावली की बाल्कनीचं दार उघडलं की हॉलभर वास यायचा. लूचे तापलेले वारे सुरू झाल्यावर बाईंनी वर हिरवी जाळी बांधली, पाणी पहाटे आणि फक्त मुळाशी घातलं, माव्याची कीड दिसली तर बोटांनी पुसून काढली. फुलाचा तुरा डोकावला रे डोकावला की खुडून टाकत, कारण फुलं आली की पान कडू होतं. आठवडाभर त्या ते बेसिल कोशिंबिरीत घालत, चटणीत वाटत, खालच्या मजल्यावरच्या पंजाबी शेजारणीला जुडी देत. आणि रविवारी सकाळपासून कान बाल्कनीच्या दाराकडे लावून बसत.

ते दार काही उघडत नसे, घंटा वाजे ती पुढच्या दाराची. रुचिरा पटकन जाई, छोटी पिशवी घेई आणि स्वयंपाकघरात शिरे. दुसऱ्या दिवशी सुका कचरा वेगळा करताना हेमलताबाईंना बेसिलचा रिकामा डबा सापडे. तोही सगळ्यांत खाली, बिस्किटांच्या कागदात गुंडाळलेला.

पहिल्या वेळी त्यांना वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी शनिवारी संध्याकाळीच छान कोवळे शेंडे खुडले, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "उद्यासाठी आहे." रुचिरा म्हणाली, "थँक यू आई, छान आहे." रविवारी पुन्हा पिशवी आली. सोमवारी फ्रिजमधला डबा जसाच्या तसा, आतली पानं काळीठिक्कर. असं तीन शनिवार झालं. चौथ्या शनिवारी त्यांनी खुडलं नाही.

त्यांना अपमान वाटला. याला दुसरा शब्द नाही. सात कुंड्या दारात डोलत असताना बाहेरून दहा पानं विकत आणायची, आणि वर ती लपवायची. आपल्या हातचं नको आहे, आणि नको आहे हे तोंडावर सांगण्याइतकंही आपण तिचे कोणी नाही, असा त्यांनी अर्थ लावला. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. त्यांनी विचारलं नाही. फक्त तुरे खुडणं सोडून दिलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात सातही कुंड्यांवर पांढरी फुलं आली आणि मधमाश्या घोंघावायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी त्यांनी हेमांगीला फोन केला.

"मालकांना हो म्हणून सांग. जुलैत येते."

हेमांगी आनंदाने ओरडलीच. "कळवते गं आत्ताच! यतीनला सांगितलंस?"

"सांगीन," हेमलताबाई म्हणाल्या. रविवारी जेवण झालं की सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

रविवार उजाडला तो चव्वेचाळीस अंशांचा. हॉलमध्ये कूलर चालू होता. कूलरचा आवाज नको म्हणून हेमलताबाई आपल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या खोलीची भिंत स्वयंपाकघराला लागून होती. आत टोमॅटो शिजत होते. यतीन चीज किसत होता. त्याचं किसणं थांबलं.

"काय झालं?"

"आउट ऑफ स्टॉक," रुचिराचा आवाज आला. "तिन्ही ॲपवर. गरमीमुळे सगळं सडतंय म्हणे. जाऊ दे, ओरेगॅनो टाकते."

"अगं, बाल्कनीत जंगल माजलंय बेसिलचं आणि तू ॲप कसलं बघतेस? चार पानं तोडून आण की."

"आज संडे आहे, यार."

"मग?"

"आई संडेला नाही तोडू देत. तुला माहीत नाही? पहिल्याच दिवशी मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, आज नको. मला एकदम आठवलं, माझी आजीपण तुळस संडेला तोडू द्यायची नाही. केवढं रागवायची."

"ही तुळस कुठे आहे?"

"तुळशीच्या कुंडीत लावलीय ना त्यांनी. आणि तुळस-बेसिलची फॅमिली एकच आहे, मी बघितलं. त्यांच्यासाठी ती तुळसच असणार. म्हणून तर बिचाऱ्या शनिवारी आठवणीने तोडून ठेवायच्या माझ्यासाठी. ते फ्रिजमध्ये रात्रीत काळं पडायचं, पण मी काही बोलले नाही. त्यांना वाईट वाटलं असतं. बाहेरचे डबेपण मी खाली दाबून टाकते, त्यांना दिसायला नकोत."

"विचारायचं तरी होतंस."

"त्यांच्या देवाधर्माचं आहे, यतीन. मी कशाला मध्ये बोलू?"

भिंतीच्या अलीकडे हेमलताबाईंच्या हातातलं वर्तमानपत्र मांडीवर आलं. देवाधर्माच्या बाबतीत त्या बेताच्याच. संध्याकाळी दिवा लावत, एकादशी निम्म्या वेळा विसरत. रविवारी तुळस खुडू नये असं त्यांची आई म्हणे खरं, पण सरोजिनी नगरात खोकल्याच्या काढ्यासाठी त्यांनी वार न पाहता पानं तोडली होती. बेसिलला तर त्यांनी स्वप्नातही तुळस मानलं नव्हतं. आणि ही मुलगी, जिचा स्वतःचा या कशावर काडीचा विश्वास नाही, ती सहा दिवस राबून आल्यावर सातव्या दिवशी यांचा नसलेला नियम पाळत होती. एक-दोन नव्हे, एप्रिलपासून नऊ रविवार. तोही यांना कळू न देता. आपण काय समजून बसलो, याची हेमलताबाईंना फार लाज वाटली.

मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात गेल्या.

"किती लागतं गं तुला?"

"काय, आई?"

"बेसिल."

"नको नको, आज रविवार आहे ना. मी ओरेगॅनो घालते, बिल्कुल चालेल."

इथे खरं सांगून टाकायला काहीच हरकत नव्हती. रोप लहान होतं म्हणून नको म्हटलं, बाकी नियमबियम काही नाही, एवढंच तर वाक्य. हेमलताबाईंच्या ते ओठांवर आलंही. पण त्या चौतीस वर्षं सरकारी कचेरीत उगाच बसल्या नव्हत्या. नियम नाही म्हटलं की पुढच्या रविवारपासून ही कात्री घेऊन थेट बाल्कनीत जाईल आणि कोणाला काही मागायची गरज उरणार नाही, हे त्यांना त्याच क्षणी दिसलं.

"घरातल्या मोठ्या बाईने खुडलं तर चालतं," त्या म्हणाल्या.

"खरंच? असं असतं?"

"असतं."

यतीनने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. खोटं बोलल्याचं हेमलताबाईंना जराही वाईट वाटलं नाही, तेव्हा आपणही वाटून घ्यायचं कारण नाही.

रुचिराचा चेहरा उजळला. "मग मला द्या ना, आई. एक वाटीभर. प्लीज."

हेमलताबाईंनी भिंतीवरची कात्री घेतली आणि त्या बाल्कनीत गेल्या. डोळे भरून आले होते, ते जाळीखालच्या उकाड्यात पुसून घेतले. फुलांच्या खाली दोन पेरं सोडून त्यांनी एकेक फांदी छाटली. तुरे बाजूला काढले, जून पानं टाकून दिली, बगलेतून फुटलेली कोवळी तेवढी वेचली. सात कुंड्या धुंडाळल्यावर कशीबशी वाटी भरली. मे महिन्यात हेच काम एका कुंडीत झालं असतं.

जेवायला बसल्यावर यतीनने पहिला घास खाऊन तोंड वाकडं केलं. रुचिराने दुसरा घास खाल्ला, तिसरा खाल्ला आणि काटा खाली ठेवला.

"आई, सांगू? कडू आहे जरा."

सहा वर्षांत या मुलीने त्यांना पहिल्यांदा नावं ठेवली होती. हेमलताबाईंना झालेला आनंद लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावावा लागला.

"फुलं आली की कडू होतं," त्या म्हणाल्या. "मी तुरे खुडले नाहीत, माझाच कंटाळा. आता छाटलंय सगळं. दोन आठवड्यांत नवी पालवी येईल, ती गोड असते."

"मग त्या रविवारी मला जास्त लागेल हं. ऑफिसच्या दोघीजणी येणार आहेत. दोन वाट्या द्याल?"

"बघू," हेमलताबाई म्हणाल्या आणि तो कडू पास्ता त्यांनी आणखी वाढून घेतला.

जेवण झालं की यतीनला जे सांगायचं होतं ते राहून गेलं. दुपारी दोघं कूलरपुढे झोपल्यावर बाई फोन घेऊन आपल्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि पुण्याला फोन लावला.

"हेमांगी, त्या मालकांना नाही म्हणून सांग."

"अगं ताई! काल हो म्हणालीस. मी त्यांना शब्द देऊन बसले. ते रंग लावणार आहेत खोलीला."

"तुला त्रास झाला खरा. पण नाही जमायचं."

"का पण?" हेमांगी चिडली. आता ती जे बोलली ते कधीपासून तिच्या मनात होतं. "काय ठेवलंय तिथे? दोघं कामाला जातात, तू चार भिंतींत एकटी. तुझ्यावाचून कोणाचं काय अडतंय त्या घरात, सांग बरं मला?"

"रविवारी बेसिल खुडायला दुसरं कोणी नाही," हेमलताबाई म्हणाल्या.